वहिनींना ओरडणारी फ्लॉपी

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू जुनी झाली की तिची दया येते. माणसं जुनी झाली की येत नाही, ही माझी वेगळी तक्रार आहे, ती इथे काढत नाही. पण कोणी जुना कॉम्प्युटर दाराबाहेर काढून ठेवलेला दिसला की ह्यांचा जीव खालीवर होतो. भाजी आणायला गेलेला माणूस भाजी विसरून मॉनिटर घेऊन घरी यायचा. वर मलाच म्हणायचा, "अगं, चालू आहे तो. नुसती वायर तुटलीय." जसं काही मी त्याची आमटी करणार होते.

पलंगाखाली मॉनिटर, कपाटावर प्रिंटर, आणि शिवणयंत्र ठेवायच्या जागी एक आडदांड डबा, ज्याला हे आदराने 'सर्व्हर' म्हणत. पाहुणे आले की बसा म्हणण्याआधी मला खुर्चीवरचा कीबोर्ड उचलावा लागे. माझी धाकटी बहीण एकदा राहायला आली आणि सकाळी चहाला बसल्यावर म्हणाली, "ताई, उशाशी काहीतरी गुरगुरत होतं गं." ह्यांनी तिला समजावलं की तो पंखा आहे आणि तो गुरगुरतो म्हणजे तब्येत चांगली आहे. ती त्यानंतर राहायला आलेली नाही.

हे वेड कुठून आलं ते सांगायला हवं. तरुणपणी ह्यांचा आणि ह्यांच्या मित्राचा भागीदारीत पत्ते छापायचा धंदा होता. साप्ताहिकं, क्लब, दवाखाने, ज्यांना ज्यांना ढीगभर लोकांना टपाल पाठवायचं असे ते आम्हाला नावांच्या याद्या आणून देत, आणि आम्ही पाकिटावर चिकटवायच्या पत्त्यांचे गठ्ठे करून देत असू. सायकलच्या दुकानावरची एक खोली, त्यात एक कॉम्प्युटर. प्रिंटर हे सांभाळत, कारण तो कागद गिळायचा आणि फक्त ह्यांचंच ऐकायचा. प्रोग्राम भागीदाराने लिहिलेला. आणि दिवसभर पत्ते टाइप करायला कोण? पगार न मागणारी एकच बाई दोघांच्या ओळखीची होती.

भागीदाराला मी भाऊजी म्हणायची. सख्खे दीर नव्हते, पण सख्ख्या दिरापेक्षा जास्त वेळा आमच्याकडे जेवले असतील. लग्न केलं नाही, नीट कपडे घातले नाहीत, आणि तोंडाला फाटक नव्हतंच. आता प्रोग्राम लिहायचा तर चुकलं की 'चूक आहे' एवढं दाखवून माणूस गप्प बसेल की नाही? भाऊजींनी प्रत्येक चुकीला आपलं स्वतःचं बोलणं घातलं. मराठीतच, फक्त अक्षरं रोमन, कारण त्या मशीनला दुसरी येत नव्हती. आणि मशीनवर बसणारी मी एकटीच, म्हणून प्रत्येक वाक्याची सुरुवात 'वहिनी'ने.

नाव न लिहिता पुढे गेलं की पडद्यावर यायचं, "वहिनी, नाव लिहा. बिनानावाच्या माणसाला पोस्टमन काय हाक मारणार?" नाव जागेपेक्षा लांब झालं की, "वहिनी, नाव विचारलंय, मिरवणूक नको." पोस्टाच्या नंबरात अक्षर पडलं की, "वहिनी, इथे आकडे. ते कीबोर्डच्या वरच्या रांगेत राहतात." मी वैतागून तीच कळ बडवत बसले की, "वहिनी, हळू. मला ऐकू येतं." आणि बराच वेळ काहीच टाइप केलं नाही की, "वहिनी, चहा संपला असेल तर या." माझं अंग अंग पेटायचं. मी ह्यांना म्हणायची, तुमच्या मित्राला सांगा, फुकट राबते आणि वर ओरडाही खाते. हे प्रिंटरमधून कागद उपसत हसायचे.

भाऊजींनी एक वाक्य मात्र राखून ठेवलं होतं. संध्याकाळी काम संपवताना एक कळ दाबायची असे, 'दिवस बंद' म्हणून. दिवसभरात एकही चूक झाली नसेल तरच तेव्हा ते वाक्य येणार होतं. "काय आहे त्यात?" मी विचारायची. "मिळवा आणि वाचा," भाऊजी म्हणायचे. "आधी डोकावलात तर बोलणार नाही तुमच्याशी." मी जिद्दीला पेटायची, आणि दुपारपर्यंत छान चालायचं, मग कुठलातरी नंबर घात करायचा. धंदा बंद पडेपर्यंत मला ते वाक्य काही मिळालं नाही.

भाऊजी गेले. हसतमुखाने वगैरे नाही, दवाखान्यातल्या जेवणावर चांगले वैतागून गेले. त्यांचा आवाज कोणी टेप केलेला नव्हता. फोटो आहेत, त्यात दरवेळी डोळे मिटलेले. त्यांचं म्हणून बोलणं उरलं ते प्रोग्राम साठवलेल्या फ्लॉप्यांवर, आणि एकेका फ्लॉपीला बुरशी धरत गेली. शेवटी एकच चालणारी राहिली. ती मोठी, पातळ, वाकणारी फ्लॉपी हे पुस्तकाच्या पानात गुलाब ठेवावा तशी जपत. नक्कल करून ठेवा म्हटलं तर म्हणायचे, कोऱ्या चांगल्या मिळू देत, मग करू. कागदावर उतरवून ठेवावं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. रोज चालणारी गोष्ट कागदावर कोण उतरवतं?

आणि मग मी एक दिवस ठणकावलं. म्हटलं, एक तर हा पसारा तरी घरात राहील नाहीतर मी. हे बराच वेळ विचारात पडले, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. पण नशिबाने गावातल्या एका संस्थेला तेव्हाच वारशाचा झटका आला होता. त्यांच्याकडे खालच्या मजल्यावर एक मोठी रिकामी खोली होती आणि काहीतरी दाखवल्याशिवाय ती त्यांच्या हातातून जाणार होती. त्यांना वस्तू हव्या होत्या आणि मला जागा. टेंपो दारात आला तेव्हा मी स्वतः मॉनिटर उचलून दिले.

संस्थेने ह्यांना पद दिलं, 'मानद मार्गदर्शक'. मानद म्हणजे काय ते मला पत्त्यांच्या धंद्यापासून माहीत होतं. शिवाय त्यांनी एक तरुण सल्लागार नेमला, त्याला मात्र पगार. त्याने खोलीला नाव दिलं, 'आद्य अंकीय वारसा अनुभव दालन'. ते दारावर मावेना म्हणून अर्धं भिंतीवर गेलं. आत येताना लोक आधी 'आद्य अंकीय' वाचायचे आणि बाहेर पडताना 'अनुभव दालन'.

ह्यांचा नियम एकच, चपला-बूट बाहेर. जुन्या मशीनला धूळ चालत नाही, त्या काळी सगळ्याच कॉम्प्युटरच्या खोल्यांना हा नियम असायचा. रोज सकाळी जाऊन हे एकेक मशीन चालू करायचे, थोडं तापू द्यायचे, दोन शब्द बोलायचे, मग पुढचं. बंद ठेवली की मरतात म्हणायचे. लोक यायचे, पडद्याला बोट लावून बघायचे आणि काही सरकलं नाही की मशीन बिघडलंय म्हणून ह्यांना सांगायचे. एका बाईंनी विचारलं की ह्याच्यात फोटो किती मावतात. हे म्हणाले, "एकही नाही." बाईंना वाटलं माणूस उद्धट आहे.

पहिले काही दिवस खोलीत माशा मारायचं काम होतं. मग ह्यांनी भाऊजींचा प्रोग्राम लावला. पाटी ठेवली, 'आपला पत्ता टाइप करा, छापून मिळेल'. पहिला आला तो जवळच्या बँकेतला रखवालदार, चांगला मिशीवाला. त्याने पोस्टाच्या नंबरात काहीतरी गडबड केली आणि पडद्यावर आलं, "वहिनी, इथे आकडे." रखवालदार आधी मागे वळून बघायला लागला, कोणाची वहिनी आलीय. मग जो हसत सुटला तो बाकावर बसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तो अख्खी बँक घेऊन आला.

त्यानंतर रांग लागायला लागली. दंतवैद्य येऊन ओरडा खाऊन गेले. शाळेच्या मुख्याध्यापिका मुद्दाम चुकत चुकत सगळी वाक्यं गोळा करत बसल्या. मोठमोठे बाप्ये एकमेकांना वहिनी म्हणत बाहेर पडायचे आणि बूट उलटे घालायचे. मी डबा घेऊन जायची तेव्हा कोपऱ्यात उभी राहून ऐकायची. ज्या वाक्यांनी माझं रक्त उकळायचं ती वाक्यं ऐकायला लोक रांगेत उभे, आणि मी डब्याचं झाकण उगाच घट्ट करत उभी. भाऊजींची आठवण यायची, दुसरं काय.

मग पाहणीला संस्थेचे अध्यक्ष आले. नियमाप्रमाणे बूट काढले, तर मोज्यातून अंगठा बाहेर. तिथेच त्यांचा मूड गेला. त्यातून कार्यवाहांनी त्यांना थेट भाऊजींच्या मशीनपुढे बसवलं. अध्यक्षांनी आपलं नाव लिहायला घेतलं. आधी पदवी, मग दुसरी पदवी, मग मानाचा किताब, मग नाव, मग माजी काय काय ते. मशीनने वाट बघितली आणि म्हटलं, "वहिनी, नाव विचारलंय, मिरवणूक नको." खोलीत सगळे छताकडे बघायला लागले. अध्यक्षांनी तीच कळ पुन्हा पुन्हा दाबली. "वहिनी, हळू. मला ऐकू येतं."

आठवड्याच्या आत समितीची सभा झाली. दालन कायमचं करायला हरकत नाही, असं ठरलं. फक्त सदर यंत्राची भाषा संस्थेच्या प्रतिष्ठेला साजेशी, सौम्य आणि स्त्री-पुरुष दोघांना लागू पडेल अशी करावी. ती केली नाही तर खोली रिकामी करून द्यावी. म्हणजे सगळीच मशीनं परत माझ्या पलंगाखाली, नाहीतर भंगारात. समितीने चुकीसाठी एक वाक्यही मंजूर करून दिलं होतं, 'आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आभार, कृपया पुन्हा प्रयत्न करावा ही नम्र विनंती.' हे वाक्य बनवायला तीन पोटसमित्या बसल्या होत्या म्हणे.

हे म्हणाले, "मूळ फ्लॉपीला हात लावणार नाही. कोरी फ्लॉपी आणून द्या, तिच्यावर काय हवं ते करा." त्यावर संस्थेने रीतसर फ्लॉप्यांचं खोकं मागवलं. ते आलं तर आत छोट्या, कडक फ्लॉप्या. आमच्या मशीनच्या फटीत त्या जातच नाहीत. कार्यवाह म्हणाले की खरेदी झाली आहे, आता फ्लॉपीचा विषय संपला.

आता एवढं एक समजून घ्या. मोठ्या फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. खाच उघडी असली की फ्लॉपीवर लिहिता येतं. चिकटपट्टी लावून ती बुजवली की लिहिता येत नाही, आतलं सुरक्षित. छोट्या फ्लॉपीचं नेमकं उलटं, तिथे भोक उघडं म्हणजे कुलूप. भाऊजींच्या फ्लॉपीच्या खाचेवर ह्यांनी चंदेरी चिकटपट्टी लावलेली होती, आणि ती सुटत तर नाही ना, हे रोज नखाने चाचपून बघायचे. सल्लागाराने लहानपणी फक्त छोट्याच फ्लॉप्या पाहिलेल्या.

त्या दुपारी आम्ही दोघं मागच्या जिन्यात डबा खात होतो. परत आलो तर सल्लागार भाऊजींच्या मशीनवर बसलेला. "काका, काळजी करू नका," तो म्हणाला. "समितीला नुसतं नमुना म्हणून दाखवायला बदल करून बघतोय. मी आधीच फ्लॉपी लॉक केलीय." ह्यांनी विचारलं, कशी? त्याने हसत बोट पुढे केलं. बोटाच्या टोकाला ती चंदेरी चिकटपट्टी होती. फ्लॉपी लॉक आहे या भरवशावर त्याने मनसोक्त हवं ते पुसलं, हवं ते लिहिलं आणि प्रत्येक वेळी सेव्ह केलं.

ह्यांनी त्याला उठवलं, स्वतः बसले आणि नावाची जागा रिकामी सोडून पुढची कळ दाबली. 'आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आभार.' पोस्टाच्या नंबरात अक्षर टाकलं. 'आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आभार.' कळ बडवली, बडवतच राहिले. मशीन आभार मानत राहिलं. मी ह्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, भाऊजी गेले तेव्हासुद्धा नाही. सल्लागार घाबरला, त्याला वाटलं काकांना बरं नाही. तो पाणी आणायला धावला आणि बूट शोधत बसला.

दालनातली रांग आठवड्याभरात आटली. मशीनकडून आभार मानून घ्यायला कोण रांगेत उभं राहणार? रखवालदार एकदा येऊन गेला, बघितलं आणि "आजारी आहे का?" एवढंच विचारून गेला. समितीला मात्र आनंद झाला. तक्रारवहीत एकही तक्रार नाही, म्हणून दालन कायम करायचा ठराव एकमताने झाला.

हे घरी नुसते बसून राहायला लागले. मी म्हटलं, "अहो, परत टाइप करा की ती वाक्यं. तुमच्या मित्राचीच ना?" हे म्हणाले, "मला कुठे येतात? मी प्रिंटरपाशी असायचो. ती सगळी तुला होती."

आणि खरंच होतं ते. त्यांनी एक वाक्य सांगायला घेतलं तेही अर्ध्यात चुकलं. मी म्हटलं, सरका. घ्या लिहून. मग मी स्वयंपाक करता करता सांगत गेले आणि हे टेबलाशी बसून लिहीत गेले. एकेक वाक्य तोंडातून असं येत होतं की भाऊजी दाराशी उभे राहून मला चिडवतायत. पोस्टमनचं सांगितलं, मिरवणुकीचं सांगितलं, आकड्यांच्या रांगेचं, चहाचं. एक तर असं आठवलं की तेव्हाचाच राग पुन्हा आला आणि मी दोन शब्द भाऊजींना सुनावले. ह्यांनी तेही लिहिलं, मग खोडलं. दुपारपर्यंत सगळी झाली. हे संस्थेत गेले आणि ते एकच मशीन, त्याचा प्रिंटर आणि ती एकच फ्लॉपी उचलून घरी घेऊन आले. बाकी सगळं दालन त्यांनी संस्थेला कायमचं देऊन टाकलं आणि मानद पदही. जी मशीनं घराबाहेर काढायला मी इतकी भांडले, त्यातलं एक मीच दारातून आत घेतलं, शिवणयंत्राच्या जागी.

हे वाक्यं फ्लॉपीवर चढवत शेवटाला आले आणि थांबले. "अगं, 'दिवस बंद'चं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मला कधी मिळालंच नाही. तुम्हाला माहीत असेल."

"मी कसं वाचणार? त्याने मलाही बजावलं होतं. वहिनींचं आहे म्हणाला."

मी दुसऱ्या दिवशी पायपीट करत संस्थेत गेले. सल्लागाराला विचारलं, तू पुसलंस ना बाबा सगळं, मग पुसताना वाचलं असशील. शेवटचं वाक्य काय होतं, एवढं सांग. तो बिचारा मनापासून आठवायला लागला. मग म्हणाला, "मॅडम, मी वाचलं नाही. सगळं सिलेक्ट केलं आणि डिलीट केलं. एवढं वाचत बसलो असतो तर दिवस गेला असता." त्याला बोलायचं पुष्कळ होतं, पण ते बोलणं भाऊजींना जमलं असतं.

ह्यांनी ती जागा कोरीच ठेवली. काहीतरी गोड लिहू का विचारत होते, मी नको म्हटलं. खाचेवर नवी चिकटपट्टी लावली, दोनदा.

आता दुपारी कामं आवरली की मी त्या मशीनवर बसते. छापायला काही नसतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यांची लेबलं काढते. नाव, साखर. पत्ता, ओट्याखाली, डावीकडे. हे शेजारी बसून कागद सरळ करतात, प्रिंटर अजून ह्यांचंच ऐकतो. हात आता पूर्वीसारखा पळत नाही, पण घाई नसल्यामुळे चुकत नाही. चहाच्या वेळेपर्यंत एकही चूक झालेली नसते.

मग 'दिवस बंद' दाबायच्या आधी मी पोस्टाच्या नंबरात एक अक्षर टाकते. रोज टाकते. मशीन म्हणतं, "वहिनी, इथे आकडे. ते कीबोर्डच्या वरच्या रांगेत राहतात." हे परवा म्हणाले, "अगं, इतकी वर्षं झाली, अजून तिथेच चुकतेस?" मी म्हटलं, "हो, चुकते," आणि चहा टाकायला उठले.